विनूकाका, पगडी बांधली नाही

विनूकाका, तुमच्या तेराव्याला मी तुमच्याच खुर्चीवर बसले होते. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत तुमच्या टेंट हाउसचं नाव, बसायला लाल मखमल. या खुर्च्या कधी आल्या ते मला चांगलं ठाऊक आहे. बाबा रिटायर झाले त्या वर्षी आल्या, बाबांच्या पैशांनी आल्या. त्याआधी तुमच्याकडे लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या. त्यांत कुर्त्याचं टोक अडकून फाटायचं आणि तुम्ही म्हणायचात, "फाटला? चला, म्हणजे लग्न लक्षात राहील."

शेजारचे लोक एकमेकांना सांगत होते, "बड़े दिलदार थे विनू भिया." मी मान हलवत होते. दिलदार होतातच. आमच्या आठ लाखांवर कोणीही दिलदार झालं असतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये, तुमच्याशी बोलतेय. आणि तुमच्याशी मागची काही वर्षं मी कुठे गोड बोलत होते की आता एकदम सुरू करू?

तुमची अंत्ययात्रा आमच्या घराखालून गेली. आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. तिने वरूनच हात जोडले. जिच्या हातच्या पुरणपोळीसाठी तुम्ही दर होळीला न बोलावता यायचात, तिला तुमच्या शेवटच्या दर्शनाला खाली उतरता आलं नाही. गुडघ्यांमुळे डॉक्टरने तिला जिने चढायला-उतरायला मना केलंय, हे तुम्हाला माहीत होतं. भाजीवाला आला की ती दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, हेही तुम्ही बघितलं होतंत. एकदा तर त्या पिशवीत तुम्हीच सीताफळं टाकलीत आणि खालून ओरडलात, "वहिनी, खींचो! व्हीआयपी सेवा!" ती हसली होती. मी नव्हते हसले. तिचं न घेतलेलं तळमजल्याचं घर तुमच्या गोदामात पडून होतं, खुर्च्यांच्या आणि मखमली सोफ्यांच्या रूपात. आणि तुम्ही तिला सीताफळं देऊन राहिला होतात.

यात्रा वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा आई रडली. तिच्या रडण्याचाही मला राग आला.

तुमची आणि बाबांची दोस्ती मिल एरियातली. दोघांचे वडील एकाच मिलमध्ये, खोलीला खोली लागून. बाबा पुढे बिजली विभागात लाइनमन झाले, खांबावर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तुम्ही बारावी नापास होऊन चार दऱ्या आणि दोन कढया भाड्याने द्यायला लागलात आणि अन्नपूर्णा भागात टेंट हाउस उभं केलंत. बाबांना त्याचा केवढा अभिमान होता! कुठल्याही लग्नात गेलो की जेवणाच्या आधी त्यांची नजर कनातीच्या कोपऱ्यावर जायची. तुमचं नाव दिसलं की म्हणायचे, "विन्याचा मांडव आहे." जणू स्वतःचाच.

बाबा रिटायर झाले त्या दिवसाचा मांडवही तुमचाच. पैसे घेतले नाहीत. हार घातले, भाषणं झाली, बिजली विभागाचे साहेब दोन शब्द बोलून निघून गेले. मग तुम्ही बाबांच्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "दत्ता, फंडाचं काय करून राहिला?"

बाबा म्हणाले, "घर बघायचंय. क्वार्टर सोडायला लागेल."

"बघ ना. आरामात बघ. तोवर बँकेत सडवतो काय? बँक ब्याज देते का भीक देते? मला दे. बँकेच्या दुप्पट देतो. घर मिळालं की एक फोन मार, दुसऱ्या दिवशी रक्कम हजर."

तुम्ही बाबांना फसवलंत असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही त्या दिवसाबद्दल म्हणत नाही. त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटत असेल की फोनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही द्याल. चेक मी भरला. घरात चेक नीट भरता येणारी मी एकटी होते. बाबांनी सही केली आणि तुमचं चहाचं बिल देतात तसा तो तुमच्या हातात दिला. मी म्हटलं, "काका, एक ओळ लिहून द्या." तर बाबाच माझ्यावर डाफरले, "हा विन्या आहे. ह्याच्याकडून लिहून घ्यायचं?"

तुम्ही हसून माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "काय प्रोफेसर! कॉलेजात हेच शिकवतात का?"

हो काका, हेच शिकवतात. बी.कॉम.ला हेच शिकवतात.

काही महिने ब्याज आलं. मग लॉकडाउन लागला, लग्नं बंद झाली. तुम्ही एकदा भरदुपारी येऊन पाणी पिऊन गेलात, तुमचा चेहरा काळा पडला होता. ते दिवस मी हिशोबात धरत नाही. तेव्हा मीच बाबांना म्हटलं होतं की काकांना आत्ता काही बोलू नका. पण मग लग्नं परत सुरू झाली. एकेका दिवशी तुमचे तीन-तीन मांडव लागू लागले. लोडिंगची नवीन गाडी आली. आणि आम्ही क्वार्टर सोडून दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, "थोड्या दिवसांसाठी".

तुमचं कॅलेंडरच वेगळं होतं. देवउठनी एकादशीला देव उठले, लग्नं सुरू झाली की देतो. संक्रांत होऊ दे. आखातीजेचा, अक्षय तृतीयेचा सीझन येऊ दे, दत्ता, बघच तू. सीझन यायचा, तुम्हाला पार्ट्यांकडून येणं असायचं, मजुरांचं देणं असायचं. सीझन जायचा आणि देव पुन्हा झोपायचे. देव झोपले की तुम्हीही फोन उचलत नसायचात.

बाबा एकदाही मागायला गेले नाहीत. मी भांडले, ओरडले. ते म्हणायचे, "तो विसरलाय का? नाही ना? मग आठवण कसली करून द्यायची?" वकिलाकडून मी नोटीस तयार करून आणली. बाबांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "ह्यात मला 'उक्त ऋणदाता' लिहिलंय. मी त्याचा ऋणदाता नाहीये." सही केली नाही. वकील मला म्हणाला, मॅडम, तीन वर्षं उलटली की कोर्टही विचारणार नाही. हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "कोर्टाला कोण विचारून राहिलंय?"

दोन पुरुषांच्या दोस्तीची इज्जत राहावी म्हणून एक बाई गॅलरीत अडकून पडली होती. हे तुम्हा दोघांपैकी एकालाही दिसत नव्हतं. बाबांशी मी यावरून रोज भांडते. तुमच्याशी भांडायचं अर्धंच राहिलं.

त्या अर्ध्या भांडणाबद्दलच बोलू.

ऑफिस सुटल्यावर मी तुमच्या गोदामावर आले होते. तुम्ही झालरी मोजून घेत होतात. मी कागद पुढे केला. एकच ओळ टाइप करून आणली होती, की दत्ताकडून इतके घेतले, इतके देणं आहे. सही करा म्हटलं.

"बस आधी. कचोरी मागवतो."

"कचोरी नको."

"अगं, तुझ्या सत्काराला पूर्ण गल्ली झाकली होती मी. लाइट, स्टेज, सोफा. एक रुपया घेतला? आणि तू मला कागद दाखवून राहिली?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "त्याचं बिल लावा काका. आजच्या भावाने लावा. आठ लाखांतून कापा आणि बाकीचे द्या."

गोदामातली माणसं थांबून ऐकायला लागली. तुम्ही आधी लाल झालात, मग हसायला लागलात. तुमचं नेहमीचंच, अंगावर आलं की हसायचं. "सही कशाला? मी काय मरून राहिलोय का?"

"मेलात तरी सोडणार नाही. वर येऊन मागेन."

"ये ये. पण आधी विचारून घे, वर टेंट कोणाचा लागलाय."

माणसं हसली. मला हसू येत होतं म्हणून मी अजून चिडले आणि निघून आले. हेच आपलं शेवटचं बोलणं. सगळे मला सांगतात की मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेतच नाहीये. मी म्हटलेला एकही शब्द मागे घेत नाही. तुम्ही मात्र सही न करता गेलात.

त्या सत्काराचं तुम्ही बोललात म्हणून सांगते, तो मी विसरलेले नाही. आमच्या खानदानात मी पहिली कॉलेजात गेले. बारावीनंतर आत्या स्थळ घेऊन आली होती. बाबा गप्प बसले होते, आई माझ्याकडे बघत होती, आणि तुम्ही मध्येच बोललात, "पोरीला शिकू दे, लग्नाचा मांडव माझ्याकडे बुक आहे, कुठे पळून नाही चालला." ॲडमिशनला बाबांना ड्यूटी होती म्हणून तुम्ही स्कूटरवर घेऊन गेलात. खिडकीतला बाबू माझं काही ऐकूनच घेत नव्हता. मी पुटपुटत होते. तुम्ही मागून म्हणालात, "जोरात बोल. घाबरते कशाला? आपण उधार नाही मागून राहिलो, आपलंच मागून राहिलो."

मी जोरात बोलले. ॲडमिशन झाली. आणि तीन वर्षांनी रिझल्ट लागला तेव्हा तुम्ही न विचारता गल्लीत मांडव टाकलात, मला नवरीच्या सोफ्यावर बसवलंत आणि माइकवर सांगितलंत, "ये हमारी बच्ची है, बी.कॉम.!" त्या दिवसाइतकं उंच मी पुन्हा कधी बसले नाही. हे मी कोणाच्या बापाला घाबरून लिहीत नाहीये, खरं आहे म्हणून लिहितेय. पण काका, त्याची किंमत तुम्ही आईच्या गुडघ्यांतून वसूल करायला नको होती.

आता तेरावा.

आपल्या मराठी लोकांत पगडीची रीत नाही. पण तुमचा सगळा धंदा बाजारवाल्यांबरोबर, आणि बाजारात बाप गेला की मुलाला पगडी बांधतात. मग मुलगा घराचा आणि दुकानाचा मालक, बापाचा शब्द तो त्याचा शब्द. तुमचा पराग पाटावर बसला होता, मुंडण केलेला, डोळे सुजलेले. तुमचा फोटो मागे, हार घातलेला, त्यातही तुम्ही हसताय. आधी त्याच्या मामांनी पगडी बांधली. मग बाजारातल्यांनी आपापली कापडं आणली होती, एकेकाने एकेक वेढा दिला. बाबांनीही कापड आणलं होतं, राजवाड्याच्या बाजारातून, केशरी, चांगलं महागातलं. वर पाकिटात पैसेही घातले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. यांच्या घरी, बाबा, अजून पैसे? ते म्हणाले, "रीत आहे."

तेव्हा बाजारातले एक वयस्क सेठजी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आज से सब व्यवहार पराग भैया देखेंगे. विनूजी का किसी से कुछ लेना-देना हो, तो बता दें."

हे म्हणायची पद्धत आहे. सगळ्यांनी हात जोडून मान हलवायची पद्धत आहे. सगळ्यांनी हलवली.

मी उभी राहिले.

जोरात बोलले, काका. तुम्ही शिकवलं होतं तसं. "आमचं आहे. माझ्या बाबांचे आठ लाख."

सेठजी माझ्याकडे असे बघत होते जसं मी चप्पल घालून देवघरात शिरलेय. मागून कोणी तरी म्हणालं, "आज के दिन?" आज नाही तर कधी? आजच तर सेठजींनी विचारलं!

परागने मान वर केली. "दीदी, ते तर पप्पांनी दिले ना?"

आणि बायकांमधून परागची आई, शैलाकाकू उठल्या. "काय बोलते तू? माझ्या पाटल्या मोडल्या त्यासाठी! माझ्या आईच्या पाटल्या! हे स्वतः म्हणाले मला, दत्ताचे नकद देऊन आलो, मोकळा झालो. वर्ष झालं त्याला!"

वर्षापूर्वी तुम्ही बायपासजवळच्या मॅरेज गार्डनचा आगाऊ बयाना भरला होतात, काका. आम्हाला त्याचे पेढे आले होते.

त्या क्षणी सगळ्या मांडवासमोर माझे बाबा खोटे ठरले. पैसे घेऊन परत मागणारा माणूस. मेलेल्याच्या तेराव्याला मागणारा माणूस. ज्या एकाला खरं माहीत होतं तो फोटोत हसत होता. मी तुम्हाला तेव्हा मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

सेठजींनी वेळ सावरायला म्हणून बाबांना हाक मारली. "आइए दत्ता भाई, आप भी बांधिए." बाबा उठले, परागसमोर गेले, कापड उलगडलं. मला वाटलं, बांधणार. आयुष्यभर तुमची बाजू घेतली, आताही घेणार, आणि मी वेडी ठरून घरी जाणार.

बाबांनी कापड परत घडी केलं. सावकाश, एकेक घडी. मग काकूंकडे वळून म्हणाले, "वहिनी, मिळाले असते तर बांधली असती."

एवढंच. कापड पिशवीत ठेवलं. पाकीट मात्र तुमच्या फोटोपुढे ठेवलं, कारण ती रीत होती. काकू फोटोकडे बघत होत्या. बाबांकडे नाही, माझ्याकडे नाही, फोटोकडे. त्या उजव्या हाताने डावं मनगट चाचपून राहिल्या होत्या, जिथे पाटल्या असायच्या. मग त्या खाली बसल्या. त्यांना कळलं होतं. दत्ताभाऊजी विनूच्या मुलाला पगडी बांधायला नाही म्हणतात, याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रिक्षाने घरी आलो. जिन्यात दुसऱ्या वळणावर बाबा थांबले, कठडा धरला आणि म्हणाले, "विन्याने मला नाही दिले, ते चाललं असतं. दिले असं सांगितलं." मग वर गेले. मी ऐकलेली तुमच्याबद्दलची एकमेव तक्रार ही, त्यांच्या तोंडून. ती ऐकायला तुम्ही हवे होतात.

परवा पराग आला. डोक्यावर नुकते खुंट आलेत. जिना चढून धापा टाकत बसला आणि चपलांकडे बघत बोलू लागला. "काका, आई एकच धरून बसलीय. म्हणते, दत्ताभाऊजींची पगडी नाही तर ही पगडीच नाही. बांधून द्या ना. पैशांचं मी करून राहिलोय. गार्डनवाल्याशी बोललो, बयाना अर्धा तरी परत देईल. खुर्च्या विकायला काढल्या, पण भंगाराचा भाव मिळून राहिलाय."

बाबा म्हणाले, "पहिला हप्ता आण. त्या दिवशी बांधतो."

"किती आणू?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचार. शिकलेली ती आहे."

मी सांगितलं. महिन्याचे किती, कधीपर्यंत, कुठल्या खात्यात. ब्याज धरलं नाही. लॉकडाउनचं तर मुळीच नाही. आणि माझ्या सत्काराच्या मांडवाचं बिल कापलं, काका, त्याच्या समोर कापलं. तुमच्याकडून तेवढंच मी फुकट घेतलं होतं, आता तेही नाही. परागने एक ओळ लिहिली आणि सही केली. तुम्हाला जड गेलेली ती ओळ त्याने चहा यायच्या आत लिहून दिली.

तो चपला घालत होता तोवर आईने कापड पिशवीतून काढलं, डांबरगोळी घालून कपाटात ठेवलं. म्हणाली, "कसर लागेल नाही तर. पोराला बांधायचंय." मग गॅलरीत जाऊन तिने परागला खाली जाताना बघितलं आणि वरून ओरडली, "सावकाश रे, खालच्या पायरीची फरशी हलते!"

ज्या जिन्याने तिला वर अडकवलंय, त्याचीच पायरी ती सांगत होती. किती दिवस सांगत राहील, ते आता परागच्या हप्त्यांवर आहे.

तुमची आठवण येते. गल्लीत कुठे मांडव लागला की बाबांची नजर अजून कनातीच्या कोपऱ्यावर जाते, आणि मी त्यांच्याकडे बघत नाही. तुमच्यावर माझा राग आहे आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. उतरला की मग काय उरेल त्याची मला भीती वाटते.

वर टेंट कोणाचा लागलाय ते मी आल्यावर बघेन. तोवर एवढंच सांगते. तुमच्या मुलाच्या पगडीचा शेवटचा वेढा आमच्या कपाटात आहे. पराग रिकाम्या हाताने आला तर तुमच्यासारखाच त्यालाही चहा मिळेल, आईची पुरणपोळी मिळेल, सीताफळंही मिळतील. पगडी नाही.